आधी बसायला जागा शोधा, मग मूर्ती बघा

वाचक विचारतात : ठाणे-नवी मुंबई

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरच्यांना घेऊन म्युझियमला गेलात तर काय अनुभव आला, कुठे अडलं, ते कळवा. मला वाटलं चार पत्रं येतील आणि त्यातली दोन तिकिटावरून कुरकुर करणारी असतील, पण भरपूर आली, आणि गंमत म्हणजे कलेबद्दल कमी आणि गुडघे, पोरं, बाथरूम, रखवालदार, मेगाब्लॉक याबद्दल जास्त. मला आवडलं हे. म्युझियमची भेट धड होते की नाही ते निम्मं तिथेच ठरतं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, काहींना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न : ताई, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा. त्यांना फोर्टचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवायला नेलं. मूर्तींच्या दालनात शिरल्या शिरल्या त्या चपला काढायला लागल्या, प्रत्येक देवाला नमस्कार, एका ठिकाणी तर पर्समधून नाणं काढलं. माझा मुलगा लाजून लांब जाऊन उभा राहिला. तासाभरात त्यांचे पाय भरून आले, वरचे मजले राहूनच गेले, आणि आता आमच्या ह्यांचं म्हणणं की पैसे फुकट गेले. पुढच्या वेळी काय करू? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : पैसे फुकट गेले नाहीत हे आधी ह्यांना सांगा. त्या दिवशी तुमच्या घरातल्या कुणी म्युझियम नीट बघितलं असेल तर ते सासूबाईंनी. आपण काय करतो, पाटी वाचतो, "हं, सहावं शतक" म्हणतो आणि पुढे सरकतो, त्या मात्र प्रत्येक मूर्तीसमोर थांबल्या, चेहरा बघितला, कुठल्या हातात काय आहे बघितलं, वाहन बघितलं, म्हणून तर कोणता देव ते पाटीशिवाय कळलं ना त्यांना. हेच कॉलेजात मूर्तिशास्त्र म्हणून शिकवतात हो.

आणि नमस्काराला लाजायचं काय त्यात? परळचा शिव माहितीये का तुम्हाला? १९३१ साली परळला रस्त्याचं काम चालू असताना मिळालेली ती प्रचंड शिळा, एका शिवातून दुसरा, त्याच्या अंगातून आणखी, अशा सात आकृती, पाचव्या-सहाव्या शतकातली. मूळ शिळा परळच्या बारादेवी मंदिरात आहे, तिथे पूजेत आहे, आणि फोर्टच्या म्युझियममध्ये आहे तिची प्लास्टरची प्रतिकृती. म्हणजे मुंबईतलं एक अव्वल शिल्प आजही देवळातच बसलंय आणि म्युझियमकडे त्याची कॉपी आहे! आता सांगा मुलाला, आजी चुकली की बरोबर. फक्त नाणं, फूल, हळदकुंकू मात्र नको, आणि हात लावून तो कपाळाला लावणंही नको, कारण बोटांचा घाम नि तेल दगडात मुरतं आणि रोज शेकडो माणसं तेच करतात. चपला पायातच राहू द्या, लादी गार असते आणि संधिवात कुणाला चुकलाय.

आता पायांचं. हे वयाचं दुखणं नाहीये, तुमचेही दुखले असतील, तुम्ही पत्रात लिहिलं नाही एवढंच. १९१६ साली बोस्टनच्या म्युझियममधल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी म्युझियममधल्या थकव्यावर एक लेखच लिहिला होता, एका माणसाला वाकून, मान वळवून, खाली बसून पाट्या वाचायला लावल्या आणि त्याचे फोटो काढून दाखवलं की बघा, वस्तू मांडणारे लोक बघणाऱ्याच्या पाठीचे काय हाल करतात ते. शंभर वर्षं होऊन गेली तरी आपल्याकडे खालच्या कपाटातल्या वस्तूची पाटी वाचायला अजून ओणवंच व्हावं लागतं. त्यातून दोन पावलं चाला, थांबा, परत दोन पावलं, हे सलग चालण्यापेक्षा जास्त दमवतं, लग्नात पाहुण्यांचं स्वागत करायला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

म्हणून पुढच्या वेळी रविवार टाळा. रविवारी मेगाब्लॉक, गर्दी, शाळेच्या सहली, सगळं एकदम अंगावर येतं. मधल्या वारी सकाळची ऑफिसची गर्दी ओसरल्यावर ठाण्याहून फास्ट पकडा, सीएसएमटीला उतरून सरळ टॅक्सी करा. मेट्रो ३ ने हुतात्मा चौक एकच स्टेशन आहे हे खरं, पण जमिनीखाली जा, वर या, परत चाला, त्यापेक्षा त्या गुडघ्यांना टॅक्सीच बरी. व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा, मागायला संकोच करू नका. आणि फक्त तळमजल्यावरच्या मूर्ती. बास. घारापुरीहून आणलेली शिल्पं आहेत, ऐहोळेचे आकाशात तरंगणारे गंधर्व आहेत, त्यातली चार निवडा, प्रत्येकीसमोर दहा-दहा मिनिटं द्या आणि मग बागेत जाऊन बसा. बसल्या बसल्या इमारत बघायला सांगा त्यांना. १९०५ साली पायाभरणी झाली, गेटवे ऑफ इंडियावाल्या जॉर्ज विटेटचंच डिझाइन, पण लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं, कारण मधे पहिलं महायुद्ध आलं आणि इथे लष्करी हॉस्पिटल होतं. ज्या दालनांत आज देव उभे आहेत तिथे जखमी सैनिक झोपले असतील. सासूबाईंना हे सांगून बघा, माझी खात्री आहे त्या वरचे मजले राहिल्याची हळहळ विसरतील. वरचे मजले परत कधीतरी. नाहीतर नाही.

प्रश्न : बॅग आत नेऊ देत नाहीत, डबा कुठे खायचा? (वाशी)

उत्तर : बॅग काउंटरला जमा, पाकीट-मोबाइल खिशात. डबा बाहेर खा आणि आधी खा, उपाशीपोटी एकही चित्र चांगलं दिसत नाही. दालनात पाण्याची बाटली उघडू नका, पडली तर पंचाईत. बाथरूमला आत शिरतानाच जाऊन या, कारण नंतर नेमकं तिसऱ्या मजल्यावर आठवतं आणि ते तळमजल्यावर असतं.

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६. उन्हाळ्याच्या सुट्टीत हौसेने म्युझियमला नेलं, मी घरून सगळं वाचून गेले होते, प्रत्येक वस्तूची माहिती सांगत होते. पंधरा मिनिटांत "आई बोर होतंय", मग भांडणं, मग मोबाइल. आजकालच्या मुलांना कशातच रस नाही का? (ऐरोली)

उत्तर : रस आहे, पण सुट्टीत चालता चालता इतिहासाचा तास कोणाला हवाय! तुम्हाला ऑफिसमधून सुटल्यावर कुणी पीपीटी दाखवत चालवलं तर?

पहिली गोष्ट, माहिती सांगणं बंद. अगदी बंद. त्यांनी विचारलं तर सांगा, आणि येत नसेल तर "चल पाटीवर बघू" म्हणा. दुसरं, फोर्टऐवजी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय करा, राणीच्या बागेच्या दारातच आहे. तुम्हाला ऐरोलीहून सोप्पं, ठाण्याला या आणि फास्टने भायखळा, पूर्वेला उतरलात की चालत. (नेरुळ-वाशीवाल्यांनो, हार्बर भायखळ्याला जात नाही, कुर्ल्याला बदला, नाहीतर सँडहर्स्ट रोडला उतरून मलाच शिव्या द्याल.) हे म्युझियम १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, ज्यांनी त्यासाठी पैसे गोळा करायला जिवाचं रान केलं त्या भाऊ दाजींचं नाव मिळायला १९७५ साल आलं. म्युझियम आटोपशीर आहे, ही मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट. आणि तिथे मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांसारखी माणसं आहेत, जुन्या मुंबईतले वेगवेगळ्या जातीधंद्यांचे लोक, त्यांचे कपडे, नाना तऱ्हेच्या पगड्या. सहा वर्षांच्या पोरीला काच आणि काचेच्या आत इटुकली माणसं दिसली की पुढचं तुम्हाला काही करावं लागत नाही.

मुलाला काम द्या. "इथली सगळ्यात विचित्र पगडी शोध आणि काढून दाखव", एवढंच. साधी पेन्सिल आणि वही न्या, शाईचं पेन आणि रंग नको, ते बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत आणि बरोबरच आहे. चित्र कसं येतं ते महत्त्वाचं नाही हो, काढायला घेतलं की पगडीला किती पेच आहेत ते मोजावं लागतं, तेवढ्यासाठी.

मग बाहेर या आणि दगडी हत्ती दाखवा, ह्याची गोष्ट मात्र सांगायची, ही मुलांना फार आवडते. हा हत्ती घारापुरीच्या बेटावर उभा होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलायला गेले आणि क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आणले आणि पुढे कितीतरी वर्षांनी जोडून परत उभा केला. जोड कुठे कुठे दिसतात ते शोधायला लावा. तिथेच जवळ खरा काळा घोडापण आहे, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, ज्याच्यावरून फोर्टमधल्या त्या भागाचं नाव पडलं. नाव तिकडेच राहिलं, घोडा इकडे आला!

आणि मग पेंग्विन. हो, पेंग्विनची लालूच दाखवा, त्यात काही कमीपणा नाही. बुधवारी मात्र जाऊ नका, म्युझियम आणि राणीची बाग दोन्ही बंद असतात, आणि बंद गेटसमोर दोन मुलांना समजावणं काय असतं ते मी नको सांगायला.

प्रश्न : एका म्युझियममध्ये जुन्या लघुचित्रांचा मोबाइलवर फोटो काढत होतो, चुकून फ्लॅश पडला, तर तिथला रखवालदार सगळ्यांसमोर ओरडला. वर आत इतका काळोख की धड दिसत नाही. आपल्याच टॅक्सच्या पैशातून चालतं ना हे सगळं? (खारघर)

उत्तर : ओरडायला नको होतं हे मान्य, हळू आवाजातही सांगता येतं. काळोखाबद्दल मात्र मी म्युझियमच्या बाजूने.

आजीची पैठणी आपण गच्चीत वाळत घालत नाही ना, तसंच आहे हे. कागद, कापड आणि वनस्पतीपासून केलेले रंग यांना उजेड खातो, आणि ते नुकसान साठत जातं, रात्री दिवा बंद केला म्हणून भरून येत नाही. म्हणून जगभर लघुचित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवतात, तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. तुमच्या ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतो, तिथून आलेल्या डोळ्यांना काळोख वाटणारच. दालनात शिरल्यावर पाच मिनिटं नुसते उभे रहा, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात आणि मग रंग वर यायला लागतात, खरंच करून बघा.

फ्लॅशचं खरं सांगायचं तर एका फ्लॅशने काही चित्र विटत नाही. पण नियम एकट्या तुमच्यासाठी नसतो, शंभर जणांनी पाडला की शेजारी बघणाऱ्याला त्रास होतो, आणि काचेत चमकून तुमचाही फोटो फुकट जातो. मुळात फोटो कशाला? ही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हतीच, हातात धरून, मांडीवर ठेवून, एका वेळी एकाने बघायची होती. खारीच्या केसांचा ब्रश, एकावर एक चिकटवलेले कागद, मागून अकीकाच्या दगडाने घोटून घोटून आणलेली झिलई, निळा लाजवर्दी दगडाचा. पहाडी चित्रांतल्या बसोली शैलीत तर दागिन्यातल्या पाचूसाठी भुंग्यासारख्या किड्याच्या हिरव्या पंखाचे तुकडे चिकटवलेत, जरा मान हलवली की चमकतात, मोबाइलमध्ये ते येतच नाही. नाक काचेपासून वीतभर ठेवून बघा (काचेला लावू नका, तो मामा परत येईल).

आणि त्या मामांबद्दल. ते दिवसभर त्याच चित्रांच्या समोर उभे असतात. पुढच्या वेळी एखाद्या मामांना विचारा, "तुम्हाला यातलं कुठलं आवडतं?" मी विचारते, आणि आजवर पाटीवर नसलेलं बरंच काही त्यांच्याकडूनच कळलंय, अगदी कोणत्या चित्रापुढे माणसं भांडतात इथपर्यंत.

प्रश्न : मित्राच्या आग्रहाने जहांगीर आर्ट गॅलरीला आणि समोरच्या एनजीएमएला (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) गेलो. प्रामाणिकपणे सांगतो, काही कळलं नाही. एक कॅनव्हास जवळपास कोराच, लोक समोर उभे राहून माना डोलवत होते. मला मूर्ख असल्यासारखं वाटलं. माझी पाचवीतली मुलगीपण काढेल असलं. मॉडर्न आर्ट हे थोतांड आहे का? (घोडबंदर रोड)

उत्तर : काही थोतांड आहे, काही फार ग्रेट आहे, आणि माना डोलवणाऱ्यातले निम्मे तुमच्यासारखेच गोंधळलेले असतात.

"कळलं का" हा प्रश्न आपल्याला शाळेने लावला. भीमसेन जोशींचा तोडी ऐकताना तुम्ही अर्थ विचारता का? नाही ना. मग चित्रापुढेच कशाला विचारायचा. चित्रासमोर मी एवढंच बघते की पुढच्या दालनात गेल्यावर परत मागे येऊन बघावंसं वाटतंय का. वाटलं तर त्याच्यात काहीतरी आहे, नाही वाटलं तर सोडून द्यायचं, मग त्याखाली कितीही मोठं नाव असो. आणि न आवडण्याचा हक्क तिकिटातच येतो, जहांगीरला तर तिकीटही नाही.

पाचवीतल्या मुलीचं म्हणाल तर खरंच बसवा तिला. वासुदेव गायतोंडे ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे, आणि वर्षाला अगदी मोजकी चित्रं करायचे. तुम्ही दोघं मिळून एका कागदावर एकच रंग घेऊन तसा आतून उजेड येतोय असा थर आणून दाखवा, मी स्वतः घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून बघायला येईन, आणि हे मी कोणालाही म्हणत नाही.

थोडी ओळख असली की परकेपणा कमी होतो तेही आहे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला त्यातले सूझा, हुसेन, रझा सगळ्यांना माहीत, पण त्यातच आपले हरी अंबादास गाडे होते, अमरावतीकडचे, आणि शिल्पकार सदानंद बाकरे, आणि कृष्णाजी आरा, जे लोकांच्या घरी नोकर म्हणून राबले, गाड्या धुतल्या आणि चित्रं काढत राहिले. ही काही हस्तिदंती मनोऱ्यातली मंडळी नव्हती. आणि जहांगीरला बहुतेक वेळा स्वतः चित्रकारच खुर्ची टाकून बसलेला असतो, बिचारा दिवसभर कंटाळलेला. त्याला "याचा अर्थ काय" विचारू नका, "हे कशावर काढलंय, हा रंग कसा आणला" विचारा, मग बघा कसा बोलायला लागतो. एनजीएमएचं एक सांगून ठेवते, ती कावसजी जहांगीर हॉलची १९११ ची इमारत आहे, आत अर्धगोल मजल्यांवरून फिरत फिरत वर घुमटापर्यंत जायचं, तेव्हा जिन्यांची तयारी ठेवा आणि सोमवार टाळा.

प्रश्न : आमची कुलदेवी औंधची यमाई. दिवाळीनंतर दोन गाड्या करून जाणार आहोत. तिथे म्युझियम आहे म्हणतात. पण मागे देवदर्शनाच्याच ट्रिपमध्ये एका गावच्या सरकारी संग्रहालयात गेलो होतो तर किल्लीवाला जेवायला गेलेला, तासभर उन्हात थांबलो, आत गेलो तर धूळ, निम्म्या वस्तूंना पाटीच नाही, दिवे बंद. बरोबरच्या बायका अजून टोमणे मारतात. परत ती रिस्क घेऊ का? (नेरुळ)

उत्तर : घ्याच. बायकांचे टोमणे मी अंगावर घेते.

तुमचा तो अनुभव खोटा नाही, लहान गावच्या संग्रहालयांची गत बऱ्याच ठिकाणी अशीच आहे, माणसं कमी, पैसे कमी, आणि येणारेही कमी, त्यामुळे किल्लीवाल्याला तरी कशाला वाटेल की आज कोणी येईल. पण औंधचं श्री भवानी संग्रहालय ही वेगळीच चीज आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कार घरोघरी पोचवणारे, स्वतः चित्र काढायचे, कीर्तन करायचे, आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभारच प्रजेच्या हाती देणारे. एवढ्याशा संस्थानाचा राजा, आणि त्याने १९३८ मध्ये मूळपीठाच्या डोंगरावर देवीच्या वाटेत म्युझियम बांधलं. मुंबईत नाही, पुण्यात नाही, डोंगरावर! मला तर वाटतं डोकं होतं त्यामागे, कारण शेतकरी तिकीट काढून म्युझियमला येणार नाही पण यमाईला येणारच आहे, तर येता-जाता चित्रं बघेल.

आत राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यातली कमळातली लक्ष्मी, मोर-वीणेवाली सरस्वती, या सगळ्या रविवर्मांच्या छापखान्यातून निघालेल्या किंवा त्यांच्यावरून उचललेल्या, आणि तो छापखाना मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्या एक्स्प्रेस-वेने त्याच्या जवळूनच जाणार. छापील चित्र आयुष्यभर बघितलेल्या माणसाने मूळ तैलरंग बघितला की काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही, कातडीचा रंगच निराळा, साडीच्या जरीवर जाडसर रंगाचा ठिपका. आधी लांबून बघा, मग जवळून, मग परत लांबून. आणि हेन्री मूर, तोच, ज्याच्या शिल्पांसाठी लंडन-न्यूयॉर्कला रांगा लागतात, त्याचं आई आणि मूल हे शिल्प औंधला आहे. खटाव तालुक्यात. बरोबरच्या बायकांना आधी काही सांगू नका, नुसतं त्यापुढे उभं करा आणि काय म्हणतात ते ऐका, आई-मूल हा विषय त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो.

व्यवहाराचं असं : साताऱ्याहून औंध चाळीसेक किलोमीटर पडतं, मुक्काम साताऱ्याला करा म्हणजे सकाळी ताजेतवाने पोचाल. सरकारी संग्रहालय आहे, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी उघडं आहे ना ते फोनवर खात्री करा, सोमवार धरू नका, आणि दर्शन आधी घ्या, नैवेद्य-बिवेद्य आटपा, म्हणजे म्युझियममध्ये कुणाचा जीव वर देवळात अडकलेला नसतो. छोटी टॉर्च जवळ असू द्या, पण ती रस्त्यासाठी, चित्रावर मारायची नाही. दोन गाड्यांतली सगळीच आत येतील असा हट्ट धरू नका, ज्यांना नाही यायचं त्यांना झाडाखाली शेंगा खाऊ देत.

प्रश्न : सगळं फोर्टला नाहीतर पुणे-साताऱ्याकडे. ठाण्यात बघण्यासारखं काहीच नाही का? एवढं जुनं शहर आपलं. (कळवा)

उत्तर : तुमच्या या वाक्यातला राग माझाही आहे.

उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होतं हे, श्रीस्थानक. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट निघाले, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७. त्याचं भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापून आलं. विचार करा, भारतातल्या कोरीव लेखांचा अभ्यास नुकता कुठे सुरू होत होता तेव्हा ठाण्याचा ताम्रपट त्यात पहिल्या रांगेत होता! आणि तो किल्ला म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह, बाहेरून भिंत दिसते तेवढीच. इतक्या मोठ्या, पैसेवाल्या शहराला स्वतःचा इतिहास दाखवणारं चांगलं शहर-म्युझियम असायला हवं, मॉल किती झाले मोजा.

पण तोवर हातावर हात धरून बसू नका. कळव्याहून स्लो लोकलने अंबरनाथ, पुढे रिक्षाने शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे १०६० चं, शिलाहारांचंच. देवळात जायचं ते जा, पण मग बाहेरच्या भिंतीला एक प्रदक्षिणा फक्त शिल्पं बघायला घाला, सकाळच्या तिरप्या उन्हात, तेव्हा कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून. ठाण्यातच कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, तिथे स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं लागतात, लोक बाहेरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत जातात आणि आत डोकावत नाहीत. ऐरोलीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे, कळव्याहून काही लांब नाही, तिथली छायाचित्रं आणि ग्रंथालय शांतपणे बघण्यासारखं आहे.

आणि वारली. पालघर २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी ते सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे ज्या चित्रांच्या चादरी, कप नि रिक्षाचे पडदे आपण बघतो ती मूळची आपल्याच जिल्ह्यातली. लग्नाच्या वेळी सवाष्णींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, मधे पालघाट देवी. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसेंनी तेच रोजच्या जगण्यावर आणलं, माशांचं जाळं, मुंग्या, ताडी, सगळं, आणि २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. त्यांच्या जाळ्याच्या चित्रातली एकेक रेघ बघा कधीतरी, मूळ चित्र मिळालं बघायला तर. नंतर कपावरचं वारली बघवत नाही.

प्रश्न : वय २८, आयटीत आहे. स्थळ आलंय, मुलगी बोरिवलीची. घरच्यांनी "भेटा एकदा" म्हटलंय. मॉलमधल्या कॉफी शॉपचा कंटाळा आला म्हणून म्युझियममध्ये भेटायचं डोक्यात आहे. विचित्र वाटेल का? (कोपरखैरणे)

उत्तर : अजिबात नाही, उलट फार हुशार आहात. समोरासमोर बसून "हॉबीज काय" विचारण्यापेक्षा शेजारी शेजारी उभं राहून तिसऱ्याच गोष्टीकडे बघणं कितीतरी सोपं असतं, गप्प राहिलात तरी चालतं. पहिल्या भेटीला जहांगीर घ्या. तिला चर्चगेटहून जवळ, तुम्हाला सीएसएमटीहून, आत फुकट, आणि तिथे तासभर पुरे होतो. पटलं तर शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, काळ्या घोड्याला खायला हजार ठिकाणं आहेत, नाही पटलं तर "चला, ट्रेनला गर्दी होईल" म्हणून दोघांना सुखरूप सुटता येतं.

आदल्या रात्री नेटवर वाचून माहिती झाडू नका, कृपा करा. ती कुठल्या चित्रापुढे थांबते ते बघा आणि का थांबली ते विचारा, तेवढ्यात माणूस बराच कळतो. तिला एखादं भंगार वाटलं आणि तुम्हाला तेच आवडलं असेल तर तसं सांगा, मग जे भांडण होईल ते बायोडेटातल्या सगळ्या रकान्यांपेक्षा उपयोगाचं आहे. आणि जमलं, दुसरी भेट ठरली, तर भायखळ्याला घेऊन जा, मातीची माणसं बघा, हत्ती बघा, पेंग्विन बघा. फक्त उत्साहाच्या भरात बुधवारचं ठरवू नका.